पुरेसा लॅपटॉप

मंडळी, आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. एक लग्नाचा. आणि दुसरा, "वीसेक हजारात हलका, रोजच्या वापराला बरा असा लॅपटॉप सांग ना!" पहिला प्रश्न हसून टोलवता येतो. दुसऱ्याचं उत्तर द्यावंच लागतं, कारण विचारणाऱ्याने पैसे खरोखरच बाजूला काढलेले असतात. आणि उत्तर चुकलं तर पुढची चार वर्षं प्रत्येक गणपतीत ऐकून घ्यावं लागतं :)

गंमत म्हणजे हा प्रश्न पन्नास वर्षांहून जुना आहे. तो भल्याभल्यांनी सोडवायचा प्रयत्न केलाय, काहींनी त्यात कंपन्या बुडवल्यात. या वीकेंडला त्याचाच इतिहास लिहायला घेतला. इतिहास म्हटल्यावर पळू नका, शेवटी दुकानात काय बघायचं तेही येणार आहे.

सुरुवात १९७२ पासून. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के नावाचा माणूस होता. त्याने एक निबंध लिहिला आणि त्यात 'डायनाबुक' नावाच्या यंत्राचं वर्णन केलं. वहीएवढं, चार पौंडांपेक्षा (म्हणजे साधारण १.८ किलो) हलकं, लहान मुलांनी कुठेही घेऊन जावं असं. किंमत? ५०० डॉलरच्या आसपास हवी. लक्षात घ्या, त्या काळी कॉम्प्युटर कपाटाएवढे असत. के साहेबांकडे दाखवायला फक्त पुठ्ठ्याचं मॉडेल होतं! पण वजन आणि किंमत आधी ठरवायची आणि यंत्र मागून बनवायचं, ही पद्धत तिथून सुरू झाली.

पुढची नऊ वर्षं सोडून देऊ, कारण खरा बाजारी माणूस १९८१ मध्ये आला. अ‍ॅडम ऑस्बर्न. याचं बालपण चक्क तमिळनाडूत गेलं, तिरुवण्णामलैला. वडील रमण महर्षींचे भक्त. पुढे इंग्लंड, मग अमेरिका, केमिकल इंजिनिअरिंगची पीएचडी, मग कॉम्प्युटरवरच्या पुस्तकांचा धंदा. ऑस्बर्नचं म्हणणं साधं होतं: यंत्र पुरेसं असलं की झालं, त्यापलीकडचं सगळं गैरलागू. सगळ्यात भारी यंत्र बनवायच्या भानगडीत तो पडलाच नाही. ली फेल्सेन्स्टाइन या इंजिनिअरकडून त्याने 'ऑस्बर्न १' बनवून घेतलं. किंमत १,७९५ डॉलर, आणि त्यात वर्डस्टार, सुपरकॅल्क वगैरे सॉफ्टवेअर फुकट. एकट्या त्या सॉफ्टवेअरची बाजारातली किंमत जवळपास तेवढीच होती. लोकांनी उड्या मारल्या.

आता हे 'पोर्टेबल' म्हणजे काय? तर अकरा किलो! शिवणयंत्राच्या पेटीसारखा आकार, पाच इंचांचा काचेचा पडदा, आणि आत बॅटरी नाहीच. घरातून उचलायचं, ऑफिसात नेऊन प्लगला लावायचं. त्याला 'उचलता येण्याजोगा' म्हणणं जास्त प्रामाणिक झालं असतं. पण हिशेब ठेवणारा आणि पत्रं लिहिणारा छोटा व्यावसायिक, याचं रोजचं काम त्यात होत होतं. कंपनी मात्र सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ऑस्बर्न नंतर भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारला. त्याचा 'पुरेसं' हा शब्द मात्र मला पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली वाटतो. कारण प्रश्न एवढाच उरतो की पुरेसं, पण कुणाच्या मते?

१९८३ मध्ये रेडिओ शॅकने विकलेलं टीआरएस-८० मॉडेल १०० हे याचं सुंदर उदाहरण. जपानच्या क्योसेरानं बनवलेलं, दीड किलोच्या आत. पडद्यावर ४० अक्षरांच्या फक्त आठ ओळी. पण चार साध्या पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचं, बटण दाबलं की त्याच क्षणी चालू, आणि आत मोडेम. त्या काळचे बातमीदार याच्यावर फिदा होते. सामना बघत बातमी लिहायची, फोनच्या लाइनीवरून ऑफिसला पाठवायची, विषय संपला. ग्राफिक्स नाही, रंग नाही, तरी कुणाची तक्रार नाही. बातमीदाराचा रोज काय असतो हे बनवणाऱ्याला नीट कळलं होतं.

त्यानंतर मात्र गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. लहान म्हणजे महाग! १९९६ मध्ये तोशिबानं जपानात 'लिब्रेटो २०' आणला. ८४० ग्रॅम, ६.१ इंची पडदा आणि आत पूर्ण विंडोज ९५. इंजिनिअर म्हणून बघितलं तर हात जोडावेत असं काम. पण तो खिशात पैसे असलेल्या साहेबासाठी. सगळ्या उद्योगाचा समजच असा झाला की वजन कमी करायला ग्राहक पैसे मोजतो, म्हणून हलका लॅपटॉप महागच असला पाहिजे. स्वस्त हवा असेल तर तीन किलोचं धूड घ्या आणि खांदा दुखवून घ्या.

हा समज मोडला तो एका प्राध्यापकाने, तेही धंदा करायचा नसताना. एमआयटीचे निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ च्या जानेवारीत दावोसला जाहीर केलं की आम्ही १०० डॉलरचा लॅपटॉप बनवणार, जगातल्या गरीब मुलांसाठी. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', ओएलपीसी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासोबत नमुना दाखवला. हिरव्या रंगाचा, वीज नसेल तर फिरवायला पिवळं हँडल. ते हँडल म्हणे तिथेच अन्नानसाहेबांच्या हातात आलं... असो.

हँडल पुढे वगळलं. पण जे यंत्र २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडलं त्यातली इंजिनिअरिंग आजही वाचण्यासारखी आहे. ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, फिरणारी हार्ड डिस्कच नाही, त्याऐवजी १ जीबी फ्लॅश. डिस्क नाही म्हणजे पडल्यावर फुटायला काही नाही, आणि वीजही कमी. मेरी लू जेप्सन यांनी केलेला ७.५ इंची पडदा तर कमालच होता. घरात रंगीत, आणि भर उन्हात मागचा दिवा बंद करून काळा-पांढरा, १२०० बाय ९०० इतका बारीक. आजही उन्हात नीट वाचता येईल असा लॅपटॉप स्वस्तात शोधून दाखवा. किंमत मात्र १०० डॉलरवर कधीच आली नाही. १८०-२०० च्या घरात राहिली.

भारत सरकारने २००६ मध्येच ओएलपीसीला नाही म्हटलं. मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं म्हणणं, हे शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने शंकास्पद आहे, त्यापेक्षा वर्ग आणि शिक्षक आधी हवेत. तेव्हा बऱ्याच जणांनी मंत्रालयाला जुनाट म्हटलं. तरीही भारतातला पहिला प्रयोग झाला, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात! रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये वीस-बावीस पोरांच्या हातात हे हिरवे लॅपटॉप आले. कल्पना करा, एकच गुरुजी, चार इयत्ता, आणि प्रत्येक पोराकडे कॅमेरा असलेला स्वतःचा कॉम्प्युटर. पुण्याच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलवर तेव्हा चार जणांत एक डेस्कटॉप असायचा.

पण मोठ्या प्रमाणावर काय झालं ते पेरूमध्ये दिसलं. त्या देशाने लाखोंनी ही यंत्रं घेतली. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ शाळा तपासल्या, तर गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांवर काहीच फरक दिसला नाही. मला स्वतःला वाटतं, चूक लॅपटॉपची नव्हती. त्या मुलांचा रोज काय आहे हे बॉस्टनमध्ये बसून ठरवलं गेलं होतं.

ओएलपीसीचा खरा परिणाम मात्र शाळेबाहेर झाला. तैवानमधल्या कंपन्यांनी पाहिलं की अरेच्चा, डिस्क काढली, पडदा लहान केला, लिनक्स टाकलं की इतक्या स्वस्तात लॅपटॉप होतो! जून २००७ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात असुसने 'ई पीसी' दाखवला आणि १९९ डॉलरची भाषा केली. ऑक्टोबरमध्ये तो तैवानात विक्रीला आला. ७०१ हे मॉडेल: सात इंची पडदा, ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन मुद्दाम ६३० वर चालवलेला (उष्णता आणि बॅटरीसाठी), ५१२ एमबी मेमरी, ४ जीबी फ्लॅश, आणि वजन ९२० ग्रॅम. अमेरिकेत या ४ जीबीवाल्याची किंमत ३९९ डॉलर. म्हणजे जाहीर केलेल्याच्या दुप्पट, तरीही ९२० ग्रॅमचा लॅपटॉप या किमतीला कुणी पाहिलाच नव्हता.

मी तेव्हा पाचवीत होतो, त्यामुळे काचेतून बघण्यापलीकडे काही केलं नाही. मध्यंतरी एका मित्राच्या माळ्यावरून असाच एक ७०१ खाली उतरला आणि एक पूर्ण शनिवार मी त्याच्यासोबत घालवला. आत झॅन्ड्रॉस नावाचं लिनक्स. चालू केलं की डेस्कटॉप नाही, मोठे मोठे टॅब: इंटरनेट, काम, शिक्षण, खेळ. माझ्या आईला पाच मिनिटांत कळेल असं. की-बोर्ड मात्र माझ्या बोटांसाठी नव्हता. आणि पडदा ८०० बाय ४८०, त्यामुळे त्या काळच्या १०२४ रुंदीच्या वेबसाइट आडव्या सरकवत वाचायच्या. देवनागरीत तर आणखी पंचाईत. अक्षर लहान केलं की मात्रा आणि रफार एकमेकांत मिसळतात, मोठं केलं की ओळीत चार शब्द. यंत्र मोजताना प्रोसेसरचा वेग सगळे बघतात, पण मराठी वाचणाऱ्याने आधी पडद्यावर जोडाक्षरं बघावीत, असं माझं मत त्या शनिवारी झालं.

तरीही लोकांनी तो घेतला, पहिल्या दोन-तीन महिन्यांत लाखोंनी. आणि इथून पुढे गोष्ट खरी रंगते, कारण आता मोठ्यांच्या पोटात गोळा आला.

इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचा धंदा महाग लॅपटॉपवर चालत होता. २००८ मध्ये इंटेलने या वर्गासाठी अ‍ॅटम आणला. एन२७०, १.६ गिगाहर्ट्झ, अडीच वॅट. उत्तम. पण त्याच्यासोबत जो जुना चिपसेट जोडला जायचा तो प्रोसेसरपेक्षा जास्त वीज खायचा! मायक्रोसॉफ्टची अडचण वेगळी. व्हिस्टा या यंत्रांवर चालेना, आणि एक्सपीची विक्री जून २००८ ला बंद व्हायची होती. लिनक्सला सगळं मैदान मोकळं सुटलं असतं. म्हणून त्यांनी फक्त या छोट्या, स्वस्त लॅपटॉपसाठी एक्सपीची मुदत वाढवली आणि ती स्वस्तात दिली. पण अटी घातल्या. मेमरी १ जीबीपेक्षा जास्त नको, पडदा अमुक इंचांपेक्षा मोठा नको, डिस्क तमुकपेक्षा मोठी नको.

मंडळी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन जीबी मेमरी टाकायला तेव्हा फार पैसे लागत नव्हते. इंजिनिअरला ती टाकता येत होती. पण टाकली की स्वस्त विंडोज मिळणार नाही. म्हणजे २००८-०९ मध्ये दुकानात उभा असलेला जवळजवळ प्रत्येक नेटबुक, एसरचा असो, डेलचा असो की एमएसआयचा, साच्यातून काढल्यासारखा का दिसायचा? १० इंच, १०२४ बाय ६००, अ‍ॅटम, १ जीबी. ती मर्यादा विज्ञानाची नव्हती, दरपत्रकाची होती. 'पुरेसं' किती असावं हे ऑस्बर्नने वापरणाऱ्याकडे बघून ठरवलं होतं. इथे ते शेजारच्या महाग मॉडेलकडे बघून ठरलं, की हा त्याच्यापेक्षा पुरेसा वाईट असला पाहिजे.

लिनक्सवाल्यांनी (मी त्यांच्यातलाच) सगळा दोष मायक्रोसॉफ्टवर टाकणंही बरोबर नाही. एमएसआयच्या एका अधिकाऱ्याने २००८ मध्येच सांगितलं होतं की लिनक्सवाले नेटबुक ग्राहक विंडोजवाल्यांच्या चौपट प्रमाणात परत आणतात. लोकांना वाटायचं लॅपटॉप घेतला, घरी गेल्यावर कळायचं की नेहमीचं सॉफ्टवेअर चालत नाही. आणि ६०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर तर एक्सपीच्या काही खिडक्यांचं 'ओके' बटण पडद्याच्या खाली गायब व्हायचं! बटण आहे, दिसत नाही, एंटर मारा आणि देवाचं नाव घ्या.

आपल्याकडे आणखी एक विनोद झाला. 'नेटबुक' या नावातच नेट होतं. (हे नावही उसनं. सायन कंपनीने १९९९ मध्ये नेटबुक नावाचं यंत्र काढलं होतं, आणि २००८ च्या शेवटी ती इतरांना नोटिसा पाठवू लागली. २००९ मध्ये इंटेलशी तडजोड झाली.) सगळं काम इंटरनेटवर करायचं, यंत्रात काही ठेवायचं नाही, ही कल्पना. पण महाराष्ट्रात २००८ मध्ये गावोगाव लोडशेडिंग होतं आणि खाजगी कंपन्यांचं थ्री-जी अजून दोन वर्षं लांब होतं. म्हणजे ज्याच्या जोरावर हे यंत्र हलकं केलं, तेच इथे नव्हतं. मात्र लोडशेडिंगमध्ये बॅटरीवर चार-पाच तास चालणारं यंत्र याचं मोल इथल्याइतकं तैपेईत कुणाला कळलं असेल, असं वाटत नाही.

शेवट लवकर झाला. २०१० च्या जानेवारीत आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्सने नेटबुक कशातच चांगले नसतात असं सांगून टाकलं. वाक्य कठोर होतं, पण १ जीबीच्या कुंपणात अडकलेल्या यंत्राला उत्तर देता आलं नाही. २०११ मध्ये वरच्या बाजूने अल्ट्राबुक आले, खालच्या बाजूने गुगलचे क्रोमबुक. २०१३ पर्यंत असुसने ई पीसी गुंडाळला.

सरकारी प्रयोगांवर जास्त लिहीत नाही. २००९ मध्ये तिरुपतीला गाजावाजा करून 'दहा डॉलरचा लॅपटॉप' दाखवला, तो लॅपटॉप नव्हताच, माहिती साठवायचं यंत्र निघालं. २०११ मध्ये 'आकाश' टॅबलेट आला, त्याचंही पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. उलट उत्तर प्रदेश सरकारने २०१३ मध्ये १९,०५८ रुपयांना एक असे एचपीचे साधे, १४ इंची लॅपटॉप लाखोंनी वाटले. त्यात क्रांती वगैरे काही नव्हती. म्हणूनच ते वापरले गेले असावेत, असा माझा अंदाज.

आणि २०२३ च्या जुलैमध्ये जिओबुक आला तेव्हा मला एकदम ७०१ आठवला. ९९० ग्रॅम, ११.६ इंच, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, स्वतःची वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, सिम आतच, किंमत १६,४९९. नेटबुकची कल्पना, फक्त आता नेट खरोखर होतं. पण प्रश्न तोच, कुणाच्या रोजच्या कामाला पुरेसा?

तर आता दुकानात. माझी मावसबहीण संगमनेरला बी. कॉम. करते. बजेट बावीस हजार, त्यातले काही काकांच्या दुधाच्या हिशेबातून आलेले, म्हणजे दुसऱ्यांदा मिळणार नाहीत. तिने मला यादी पाठवली होती ती सगळी नव्या, चकचकीत, हलक्या मॉडेलची. मी तिला एवढंच विचारलं की आठवड्यात तू काय काय करतेस ते लिही. उत्तर आलं: टॅली, एक्सेल, पीडीएफ, मराठी टायपिंग, लेक्चरचे व्हिडिओ, आणि रोज एसटीने जाऊन-येऊन दीड तास.

टॅली म्हटल्यावर विंडोज आलं. झालं, जिओबुक आणि क्रोमबुक दोन्ही बाद, कितीही आवडले तरी. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा पुरते, आणि यादीतली बहुतेक मॉडेलं नेमकी तेवढ्यावरच बेतलेली. हे म्हणजे २००८ चं १ जीबीच! चालू होईल, पण एक्सेल आणि ब्राउझर एकत्र उघडले की रडेल. वर मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे नंतर वाढवायची सोय नाही. साठवण ईएमएमसीची की एसएसडी, हेही विचारावं लागतं, कारण खोक्यावर दोन्हीला सारखंच ठळक छापतात. आणि पडद्याची उंची. ७६८ ऐवजी १०८० पिक्सेल असतील तर एक्सेलच्या ओळी जास्त दिसतात आणि मराठी नीट वाचता येतं.

या सगळ्यात बसलं ते एका मोठ्या ऑफिसातून बाहेर पडलेलं, जुनं, १४ इंची बिझनेस मॉडेल. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर (त्याच्या आधीचे बहुतेक विंडोज ११ च्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला), ८ जीबी मेमरी आणि एक खाच रिकामी, एसएसडी, टाइप-सीने चार्ज होणारं. बॅटरी थकलेली होती, ती नवीन घालून हिशेब एकवीस हजारांच्या थोडा वर गेला. वजन दीड किलोच्या वर. हलकेपणात ७०१ पुढे हरलं, पण अ‍ॅलन केच्या चार पौंडांत बसलं की!

घेण्याआधी तिने स्वतः दुकानात अर्धा तास बसून टॅली चालवून बघितलं, मराठीत एक पान टाइप केलं आणि तेवढ्या वेळात बॅटरी किती टक्के उतरली ते वहीत लिहून ठेवलं. वजनाबद्दल विचारलं तर म्हणाली, "दादा, डबा आणि पुस्तकं मिळून याहून जास्त होतं. पुस्तकं आता यातच घेते, एक पिशवी कमी."